सोडल्याची तारीख



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांनी निवृत्तीनंतरची सगळी वर्षं लोकांच्या विड्या-सिगारेटी सोडवण्यात घालवली. त्यामुळे कार्यकर्त्यांनी मला ‘तंबाखूवर बोला’ असं सांगितलं ते स्वाभाविकच होतं. तंबाखूने काय काय होतं हे या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पाकिटावरचं ते भयंकर चित्रही आता कुणी थांबून बघत नाही. मला आज ओढणाऱ्या माणसाबद्दल बोलायचं नाही. ज्याने सोडली, घरच्यांकडून कौतुक करून घेतलं आणि सहा-आठ महिन्यांनी ज्याला बरं वाटेनासं झालं, त्या माणसाबद्दल बोलायचं आहे. कारण त्याला आम्ही डॉक्टर वाऱ्यावर सोडतो.

सोलापुरात हे बोलताना एक गोष्ट आधीच सांगते. या शहरात हजारो घरांच्या चुली विडी वळणाऱ्या बायकांच्या मजुरीवर पेटतात. त्यांच्या पोटावर बोलायला मी उभी नाही. तो प्रश्न वेगळा आहे, मोठा आहे, आणि त्यावर माझ्याहून जास्त अधिकाराने बोलणारी माणसं याच शहरात आहेत.

‘सिगारेट सोडली आणि तब्येत बिघडली’ हे वाक्य मी ओपीडीत वर्षानुवर्षं ऐकते आहे. डॉक्टरला सांगण्याआधी ते बहुधा टपरीवर सांगून झालेलं असतं आणि तिथून सल्लाही मिळालेला असतो: ‘एकदम सोडायची नसते रे, अंगाला सवय असते.’ आम्ही डॉक्टर मंडळी या वाक्यावर चिडतो. बहाणा आहे म्हणून उडवून लावतो. माझं म्हणणं असं की ते उडवून लावू नये. त्यातला एक भाग खरा आहे, आणि तो समजावून सांगितला नाही तर माणूस पुन्हा काडी पेटवतो. तो खरा भाग थायरॉइडचा आहे.

थायरॉइड ही कंठमण्याच्या खाली, श्वासनळीला बिलगून असलेली जेमतेम वीसेक ग्रॅमची ग्रंथी. रक्तातलं आयोडीन उचलून ती थायरॉक्सिन हे संप्रेरक बनवते आणि शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपला वेग त्यावरून ठरवते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगातली ऊब, बायकांची पाळी, मनाची उभारी, सगळं. तिच्यावर देखरेख मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीची. पिट्युटरी टीएसएच नावाचं संप्रेरक सोडते. रिपोर्टमधला टीएसएचचा आकडा वाढला की ‘थायरॉइड वाढला’ असं लोक म्हणतात, आणि इथेच गफलत होते. टीएसएच म्हणजे मुकादमाची हाक समजा. मजूर नीट काम करत असले तर मुकादम हळू बोलतो; काम रेंगाळलं की त्याचा आवाज चढतो. टीएसएच वाढला म्हणजे ग्रंथी मंदावली. टीएसएच तळाला गेला म्हणजे ग्रंथी बेफाम सुटली आहे आणि मुकादमाला तोंड उघडायचीही गरज उरलेली नाही.

आता धुराकडे येऊ. विडी-सिगारेटच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतं. यकृत त्याचं थायोसायनेट करतं आणि ते रक्तात कित्येक दिवस राहतं. हे थायोसायनेट आयोडीनच्या वाटेत उभं राहतं. ग्रंथीत शिरायला दोघांना दार एकच. ज्या प्रदेशात मुळात आयोडीन कमी, तिथे धूम्रपान करणाऱ्यांच्या गळ्याला गाठ जास्त दिसते ती यामुळे. डेन्मार्कच्या ऑलबॉर्ग शहरातले पीटर लॉरबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी 2004 साली दाखवून दिलं की धूम्रपान करणाऱ्या आयांच्या दुधात आयोडीन साधारण निम्मंच उतरतं. बाळाने काडी ओढलेली नसते, पण त्याच्या थायरॉइडचा कच्चा माल अर्ध्यावर येतो.

माझ्याकडचे थायरॉइडचे रुग्ण हमखास विचारतात, ‘मॅडम, कोबी-फ्लॉवर बंद करू का?’ कोबीतही थायोसायनेट तयार करणारी द्रव्यं असतात, हे खरं. पण शिजवलेली कोबीची भाजी आणि घरात आयोडीनयुक्त मीठ, एवढ्यावर कुणाचा थायरॉइड बिघडत नाही. भाजीवर बंदी घालणारं घर दिवसाला दहा सिगारेटींबद्दल मात्र थायरॉइडच्या संदर्भात कधी विचारत नाही. मला हे बदलायला हवं आहे.

धुराचा सगळ्यात वाईट परिणाम दिसतो तो ग्रेव्हज आजारात. रॉबर्ट ग्रेव्हज या डब्लिनच्या डॉक्टरांनी 1835 साली वर्णन केलेला हा आजार. यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती ग्रंथीला सतत चेतवत राहते. वजन उतरतं, हात थरथरतात, नाडी धावते, आणि काहींचे डोळे खोबणीतून पुढे येतात. ॲमस्टरडॅममधल्या प्रुमेल आणि विर्सिंगा यांनी 1993 साली हिशेब मांडला: धूम्रपान करणाऱ्यांना ग्रेव्हजचा धोका जवळपास दुप्पट, आणि डोळ्यांच्या आजारासह ग्रेव्हजचा धोका सातपटीहून अधिक. असे रुग्ण सिगारेट चालू ठेवतात तेव्हा औषधं बंद केल्यावर आजार उलटण्याची शक्यता वाढते, डोळ्यांसाठी दिलेली स्टिरॉइड्स कमी लागू पडतात आणि रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, दिल्यावर डोळे बिघडण्याची भीती जास्त असते. ग्रेव्हज असलेल्या माणसाने सिगारेट सोडणं हा उपचाराचाच भाग आहे, थायरॉइडला आवर घालणाऱ्या कार्बिमाझोलच्या गोळीइतकाच. यात शंकेला जागा नाही.

मग ‘सोडल्यावर बिघडलं’ हे कुठून आलं? थायरॉइडचा दुसरा, आपल्याकडे कितीतरी जास्त आढळणारा आजार आहे. जपानच्या फुकुओकातले तरुण सर्जन हाकारू हाशिमोतो यांनी 1912 साली चार बायकांच्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यात लिम्फोसाइट पेशींची दाटी झालेली त्यांना दिसली. आज आपण त्याला हाशिमोतोचा थायरॉइडायटिस म्हणतो. इथेही प्रतिकारशक्तीच उलटते, पण ग्रंथीला चेतवण्याऐवजी ती हळूहळू पोखरते. ग्रंथी मंदावते. भारतातल्या आठ शहरांत प्रौढांची पाहणी झाली, त्यात मुंबई आणि गोवाही होतं. 2013 साली छापून आलेल्या त्या पाहणीत सुमारे 11 टक्के लोकांची ग्रंथी मंद असल्याचं आढळलं. म्हणजे या सभागृहातल्या प्रत्येक रांगेत एकजण असेलच.

आणि याच आजाराच्या बाबतीत धुराचं गणित उलटं पडतं. नॉर्वेतल्या मोठ्या पाहणीत, अमेरिकेतल्या राष्ट्रीय पाहणीत पुन्हा पुन्हा दिसलं की धूम्रपान करणाऱ्यांमध्ये थायरॉइडविरोधी अँटीबॉडीज कमी सापडतात, टीएसएच थोडा खाली असतो आणि मंद थायरॉइडचं प्रमाणही कमी. हे सांगताना माझ्या पोटात गोळा येतो, कारण उद्या कुणीतरी याचंच भांडवल करील. पण सत्य लपवून सोडवलेली सिगारेट टिकत नाही, असं माझं ठाम मत आहे. सगळं सांगावं आणि मग सोडायला सांगावं.

2012 साली डेन्मार्कमधल्याच ॲलन कार्ले आणि त्यांच्या गटाने प्रश्न नेमका विचारला. नव्याने मंद थायरॉइडचं निदान झालेले 140 रुग्ण त्यांनी घेतले. त्यांच्याच वयाचे, त्यांच्याच भागातले, थायरॉइड ठीक असलेले 560 लोक तुलनेला घेतले, आणि प्रत्येकाला विचारलं: ओढत होतात का, आणि सोडली असेल तर कधी? जी माणसं सोडून दोन वर्षांच्या आत होती, त्यांच्यात मंद थायरॉइडचा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या सहापटीहून जास्त निघाला. आणि तीन ते दहा वर्षांपूर्वी सोडलेल्यांमध्ये हा जादा धोका उरलेलाच नव्हता. एक लाट येते, दोनेक वर्षांत ओसरते.

सहापट ऐकून घाबरू नका. मूळ धोका लहान आहे, त्याची सहापट केली तरी सोडणाऱ्या शंभरातल्या बहुतेकांना काहीच होत नाही. ज्यांना होतं त्यांच्यात प्रतिकारशक्तीची ही खोड बहुधा आधीपासूनच होती. निकोटिन आणि तंबाखूतली त्याची भावंडं प्रतिकारशक्तीच्या पेशींवर दाब ठेवतात; दाब निघाला की दडून बसलेलं वर येतं, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. असं दुसरीकडेही घडतं. तंबाखू किंवा सिगारेट सोडल्यावर पहिल्या पंधरवड्यात कितीजणांचं तोंड येतं ते तुम्ही घरात पाहिलं असेल. आतड्यांच्या अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजाराचंही सोडण्याशी असंच नातं आहे. सोडल्याने आजार पैदा झाला असं म्हणण्यापेक्षा, तो चार वर्षांनी कळला असता तो आता कळला, असं मी रुग्णाला सांगते.

एक उदाहरण सांगते. रुग्ण ओळखू येऊ नये एवढी काळजी घेऊन. एस.टी.त वाहक म्हणून काम केलेले पन्नाशीचे गृहस्थ. पंचवीस वर्षांची सवय मुलीच्या लग्नाआधी सोडली. वर्षभराने माझ्यासमोर बसले तेव्हा आवाज घोगरा झालेला, चेहरा सुजकट, भुवयांची बाहेरची टोकं विरळ. एप्रिलच्या उन्हात बंडीवर स्वेटर. सोबत पत्नी. त्यांच्याआधी त्याच बोलायला लागल्या: ‘जेवून उठले की तिथंच पेंगतात. पूर्वी असे नव्हते. मला वाटतं, सोडली तेच चुकलं.’ वजन वाढलेलं, बद्धकोष्ठता, कशात मन लागत नाही. एका ठिकाणी त्यांना ‘सिगारेट सोडल्यावर असं होतंच, मन खंबीर करा’ असं सांगून परत पाठवलेलं. दुसऱ्या ठिकाणी मनाच्या उदासीची गोळी सुरू झालेली.

मी त्यांना पाणी प्यायला दिलं आणि मागे उभी राहून घोट गिळताना गळ्यावर बोटं ठेवली. ग्रंथी हाताला लागत होती, घट्ट, रबरासारखी. मग त्यांना खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं, पावलं मोकळी लोंबती, आणि टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडीने हलकेच टकटक केलं. निरोगी माणसाचं पाऊल झटकतं आणि तितक्याच चपळाईने मागे येतं. यांचं पाऊल झटकलं नेहमीसारखं, पण मागे येताना वाटेत रेंगाळलं. मी पत्नीला बोलावून दाखवलं. पुन्हा टकटक केलं, पुन्हा तसंच. रक्त तपासायच्या आधीच निदान त्या पावलाने सांगितलं होतं. टीएसएचचा आकडा आला तो शंभराच्या वर. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न मला अजून आठवतो: ‘म्हणजे पुन्हा दोन-चार ओढल्या तर हे खाली येईल का?’

येत नाही. पोखरलेली ग्रंथी धुराने भरून येत नाही. आणि धुराची फुप्फुसांवर, हृदयावर, रक्तवाहिन्यांवर होणारी हानी त्याच दिवसापासून पुन्हा सुरू होते. त्यांना रोज सकाळी थायरॉक्सिनची एक गोळी सुरू केली. दोन-तीन महिन्यांत आवाज सुटला, स्वेटर गेला. उदासीची गोळी, ज्या डॉक्टरांनी दिली होती त्यांनीच, हळूहळू बंद केली.

हा घोळ होतो कशामुळे, ते नीट बघा. निकोटिन सुटल्यावरची लक्षणं आणि मंद थायरॉइडची लक्षणं एकमेकांच्या अंगावर पडतात: थकवा, सुस्ती, चिडचिड, उदासी, पोट साफ न होणं, वजन वाढणं. वेगळं करायचं ते काळाने. निकोटिनची ओढ पहिल्या आठवड्यात सगळ्यात तीव्र असते आणि साधारण महिनाभरात उतरते. थायरॉइडचं उलट. ते महिन्या-महिन्यांनी चढत जातं. दीड-दोन महिन्यांनंतरही थकवा कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, गारवा सोसेनासा झाला असेल, त्वचा कोरडी, आवाज जड, बायकांमध्ये पाळीचं प्रमाण वाढलेलं असेल, तर मन खंबीर करण्याचा उपदेश पुरे, टीएसएच करा. साधी रक्ततपासणी आहे, तालुक्याच्या गावीही होते.

वजनाबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, कारण पुष्कळ बाया-पुरुष त्याच भीतीने सोडत नाहीत. सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वजन वाढतं, त्यातलं निम्म्याहून अधिक पहिल्या तीन महिन्यांत. निकोटिन भूक दाबतं आणि चयापचय थोडा वर खेचतं. ते दोन्ही थांबतं. मंद थायरॉइडने वाढणारं वजनही सहसा थोडंच असतं, आणि त्यातलं बरंचसं अंगात साठलेलं मीठ-पाणी. पंधरा किलो वाढले आणि सगळा दोष थायरॉइडवर टाकला, असं होत नाही. गोळीने थायरॉइड ठीक होतो. जेवण आणि चालणं आपल्याला बघावं लागतं. वजन उतरवण्यासाठी थायरॉक्सिनचा डोस स्वतःहून वाढवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्याने नाडी बिघडते, हाडं ठिसूळ होतात. कृपा करून तसं करू नका.

उलट बाजूचा घोळही आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. धुरातल्या डांबरामुळे यकृतातलं एक एन्झाइम जास्त काम करतं, आणि चहा-कॉफीतलं कॅफिन धूम्रपान करणाऱ्याच्या अंगातून लवकर जातं. सिगारेट सुटली की ते एन्झाइम थोड्याच दिवसांत मूळ पदावर येतं. चहा मात्र पूर्वीइतकाच, किंबहुना सिगारेटच्या जागी एक कप जास्तच. रक्तातलं कॅफिन जवळपास दुपटीवर जातं. मग छातीत धडधड, हाताला कंप, झोप नाही. माणूस म्हणतो ‘थायरॉइड असेल’. टीएसएच जरूर करा, पण त्याआधी चहाचे कप निम्म्यावर आणा. दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्यांनी तर सोडताना डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण तेही याच वाटेने जातं आणि डोस अंगावर येऊ शकतो.

तपासणी करतानाही घाई नको. धूम्रपान करणाऱ्यांचा टीएसएच थोडा खाली असतो, तेव्हा सोडल्यावर तो थोडा वर येणं अपेक्षितच आहे. टीएसएच पाच-सहा आला, टी4 म्हणजे थायरॉक्सिन ठीक आहे, तर लगेच जन्मभराची गोळी सुरू करण्याचं कारण नसतं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघावं, सोबत अँटी-टीपीओ या थायरॉइडविरोधी अँटीबॉडीजही. त्या वाढलेल्या असतील तर ग्रंथी पुढे मंदावण्याची शक्यता जास्त, म्हणून दर सहा महिन्यांनी, वर्षाने नजर ठेवायची. टीएसएच दहाच्या वर राहिला तर बहुतेक वेळा गोळी द्यावी लागते. आणि एक छोटी गोष्ट: केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांची संख्या हल्ली फार आहे. बायोटिनमुळे काही यंत्रांवर थायरॉइडचे आकडे साफ खोटे येतात. तपासणीच्या आधी किमान दोन दिवस त्या बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा.

गोळीबद्दल थोडक्यात, कारण या सभागृहातल्या निम्म्या घरांना ती पाठ आहे. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या आधी निदान अर्धा तास, तासभर असेल तर उत्तम. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने. बाटली न्हाणीघरातल्या फडताळात नको, दमट जागी औषधाची ताकद जाते. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच. त्याआधी केलेली तपासणी पैसे वाया घालवते. साठी उलटलेल्यांना आणि हृदयविकार असलेल्यांना अगदी लहान डोसपासून चढवत न्यायचं, आणि सिगारेट सोडलेला माणूस बऱ्याचदा याच गटातला असतो, हे आमच्या तरुण डॉक्टरांनी विसरू नये. जे आधीपासून गोळी घेतात आणि आता सिगारेट सोडतात, त्यांनीही दोन महिन्यांनी टीएसएच करून घ्यावा, डोस बदलावा लागू शकतो. समुद्रशेवाळाच्या, आयोडीनच्या कॅप्सूल बाजारात ‘थायरॉइडसाठी’ म्हणून मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. हाशिमोतोच्या ग्रंथीला जादा आयोडीन त्रास देतं. घरातलं मीठ पुरेसं आहे.

धुरातलं तेवढं ‘चांगलं’ काढून गोळीत भरता येईल का, हा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. तो अमेरिकेत एका कंपनीच्याही मनात आला. तंबाखूत ॲनाटाबिन नावाचं एक द्रव्य असतं. स्टार सायंटिफिक या कंपनीने त्याच्या वड्या ‘ॲनाटाब्लॉक’ नावाने पूरक आहार म्हणून विकायला काढल्या. हाशिमोतोच्या रुग्णांवर एक चाचणीही झाली. त्यात एका प्रकारच्या अँटीबॉडीचं प्रमाण काहीसं उतरलं, पण ग्रंथी वाचली असं त्यातून सिद्ध झालं नाही. कंपनीच्या प्रमुखाने व्हर्जिनियाचे तेव्हाचे गव्हर्नर बॉब मॅकडॉनेल यांना आणि त्यांच्या पत्नीला महागड्या भेटी दिल्या, कर्ज दिलं. 2014 साली ज्यूरीने मॅकडॉनेलना दोषी ठरवलं, 2016 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. त्याआधीच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कंपनीला इशारा दिला होता आणि ॲनाटाब्लॉकची विक्री थांबली होती. आजाऱ्यांच्या आशेवर एवढा पैसा आणि एवढं राजकारण उभं राहिलं, आणि ग्रंथी मात्र जिथल्या तिथे राहिली. मला त्याचा राग येतो.

आता बायकांबद्दल. महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्या बायका कमी दिसतात. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत राज्यातले 26.6 टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, पण धूम्रपान करणारे फक्त 3.8 टक्के. आपलं दुखणं मुख्यतः मिश्री, मळलेली तंबाखू, मावा आणि विदर्भातला खर्रा यांचं. मी आज सांगितलेला अभ्यास मात्र धुराचा आहे, सिगारेटचा आहे. तो मिश्रीला जसाच्या तसा लावू नये. पण शहरांत, नोकरी करणाऱ्या मुलींमध्ये सिगारेट आहे, आणि ती लपवलेली आहे. सासूसमोर, आईसमोर, कधी नवऱ्यासमोरही ‘नाही’ असंच सांगितलं जातं. अशी मुलगी बाळ हवं म्हणून सिगारेट सोडते. अगदी योग्य करते. पण सोडल्यानंतरची जी वर्ष-दोन वर्षं थायरॉइडसाठी नाजूक, नेमकं त्याच काळात ती गरोदर राहते. आणि पहिल्या तीन महिन्यांत बाळाचा मेंदू आईच्या थायरॉक्सिनवर वाढत असतो, बाळाची स्वतःची ग्रंथी अजून कामाला लागलेली नसते. थायरॉइड आधीच मंदावलेला असेल तर ते ठरलेल्या तपासणीच्या दिवशी नव्हे, गर्भधारणेच्या आधी कळायला हवं. म्हणून डॉक्टरने सिगारेटचा प्रश्न तिला एकटीला, दार लावून विचारावा. बरोबर आलेल्या बाईंना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगणं अवघड नाही.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग सोडूच कशाला? त्याला मी दोन हिशेब सांगते. ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षं पाठपुरावा करून रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पीटो यांनी 2004 साली जाहीर केलं: सिगारेट आयुष्याची सुमारे दहा वर्षं घेते, साठाव्या वर्षी सोडली तरी त्यातली तीन परत मिळतात, पन्नाशीत सोडली तर सहा, चाळिशीत नऊ, तिशीत जवळजवळ सगळी. आपल्या देशाचा हिशेब प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी 2008 साली मांडला: सिगारेट ओढणारा पुरुष दहा वर्षं गमावतो, विडी ओढणारा सहा, विडी ओढणारी बाई आठ. दुसऱ्या पारड्यात काय आहे? काही थोड्यांना, सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जी शंभराहून अधिक वर्षांच्या अनुभवाने सुरक्षित ठरलेल्या उपचाराची वारस आहे. न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी 1891 साली मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून मंद ग्रंथीच्या एका बाईला उभं केलं, आणि ती पुढे पाऊणशे वर्षांच्या घरात पोचली. आज तीच गोष्ट आपण अगदी थोड्या किमतीत करतो.

सोडण्यासाठी मदत हवी असेल तर सरकारची मोफत क्विटलाइन आहे, 1800-11-2356. निकोटिनचे च्युइंगम, पट्ट्या, व्हॅरेनिक्लिनसारख्या गोळ्या आहेत. ज्यांचा थायरॉइड बेफाम सुटलेला आहे आणि अजून आटोक्यात नाही, त्यांनी निकोटिनचं च्युइंगम डॉक्टरांना विचारूनच घ्यावं, कारण नाडीचा वेग तेही वाढवतं.

आता ज्यासाठी मी हे निमंत्रण स्वीकारलं ते बोलते. आमच्या केसपेपरवर धूम्रपानासमोर दोनच पर्याय असतात: हो किंवा नाही. गेल्या दिवाळीत सोडलेला माणूस ‘नाही’ म्हणतो, अभिमानाने म्हणतो, आणि त्या एका शब्दाबरोबर निदानाचा धागा हातातून सुटतो. माझी या शहरातल्या डॉक्टरांना, नर्सबाईंना, आशाताईंना आणि औषधाच्या दुकानात बसणाऱ्या मुलांना विनंती आहे: ‘नाही’ ऐकलं की पुढचा प्रश्न विचारा, ‘कधी सोडलीत?’ आणि सोडल्याची तारीख, महिना-वर्ष तरी, केसपेपरच्या पहिल्याच ओळीत लिहा. तारीख दोन वर्षांच्या आतली असेल आणि माणूस थकलेला असेल तर टीएसएच मागवा. घरात थायरॉइडचा आजार असेल, किंवा समोर बाई असेल, तर थकण्याची वाटही बघू नका. सहा महिन्यांनी एकदा आणि वर्षाने एकदा करून घ्या. हे कुठल्या सरकारी नियमात लिहिलेलं नाही, हा माझा शिरस्ता आहे आणि त्याचा मला उपयोग झाला आहे.

आणि ज्यांनी सोडली आहे त्यांनी आज घरी गेल्यावर ती तारीख आठवून आपल्या फाइलवर लिहावी. नेमका दिवस आठवत नसेल तर बायकोला विचारा, तिला आठवतो. सभागृहाबाहेर आमच्या विद्यार्थ्यांनी टेबल मांडलं आहे. ज्यांना वाटतं की सोडल्यापासून आपलं काहीतरी बिनसलं आहे, त्यांनी तिथे नाव न देता फक्त ती तारीख आणि आपला त्रास सांगावा. रक्त कुठे, कधी तपासायचं ते मुलं सांगतील, आणि रिपोर्ट आल्यावर मी बघेन.